यंत्र सुरू होतांना दिसणारे इशारे

गेल्या महिन्याच्या आरंभीं एका जुन्या वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या आपल्या गांवांतील भगिनी मंडळाच्या शिक्षणनिधीचे हिशेब ठेवितात. निधि मोठा नाहीं; परंतु त्यांतून दरवर्षीं पांचसहा गरजू मुलींची फी भरली जाते. हिशेबाची वही आतां संगणकांत गेली असून बँकेचे व्यवहारही त्याच संगणकावरून होतात. संगणक मूळ त्यांच्या भाच्याचा. परदेशीं शिकावयास जातांना त्यानें त्यावर लिनक्स घालून तो मावशीच्या हवालीं केला. तीनचार वर्षें यंत्रानें बिनतक्रार काम केलें. पुढें एके सकाळीं तें सुरू होत असतांना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ क्षणभर झळकून गेली. बहुधा ती पूर्वींही येत असेल. पण बाईंच्या दृष्टीस त्या दिवशीं प्रथमच पडली. दुसरे दिवशीं त्यांनीं ती टिपून घेतली. ती अशी: ‘एमडीएस सीपीयू बग प्रेझेंट अँड एसएमटी ऑन, डेटा लीक पॉसिबल.’ शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ त्यांस लागला: माहिती गळण्याचा संभव आहे! त्या दिवसापासून त्यांनीं यंत्राला हात लावला नाहीं.

पत्राच्या शेवटीं त्या लिहितात, “दुकानदार म्हणतो, प्रोसेसरच सदोष आहे, हें यंत्र मोडींत घालून नवें घ्या. शेजारचे एक हुशार गृहस्थ म्हणतात, आरंभाच्या आज्ञेंत एक शब्द घातला कीं इशारा बंद होईल, आणि यंत्र उलट जलद चालेल. एका मुलीची फी भरण्याची मुदत पंधरा दिवसांवर आली आहे. पैसे माझे असते तर मी इतकी भ्यालें नसतें. पण ते मंडळाचे आहेत. काय करावें?”

मीं त्याच दिवशीं उत्तर धाडलें कीं, असले इशारे अनेक यंत्रांवर दिसतात, चिंता नसावी, काम चालू करावें. उत्तर गेल्यावर मात्र मला चैन पडेना. ‘वाक्य पुरतें वाचल्यावांचून त्याचा अर्थ सांगूं नका’ असें मुलांस जन्मभर बजावणाऱ्या मनुष्यानें स्वतः तें वाक्य पुरतें वाचलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मीं त्यांस पुन्हां लिहिलें कीं, चार दिवस थांबावें. आणि या विषयाचा जाणता असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलावून घेऊन अभ्यासास बसलों. त्या अभ्यासांतून जें हातीं आलें, तें प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

संगणकांतील आज्ञा एकामागून एक पाळणारा जो भाग, तो प्रोसेसर. आजचा घरगुती प्रोसेसर एका सेकंदांत सुमारें तीन अब्ज ठोके देतो. परंतु त्यास हवी असलेली माहिती बहुधा दूरच्या स्मृतिकोठारांत असते, आणि ती यावयास ऐंशी ते शंभर नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. वाचकांस हा विलंब क्षुल्लक वाटेल. पण तेवढ्यांत प्रोसेसरचे अडीचशें ते तीनशें ठोके फुकट जातात. हा अपव्यय टाळण्यासाठीं यंत्रशास्त्रज्ञांनीं दोन युक्त्या योजिल्या. पहिली अशी कीं, नुकतीच लागलेली माहिती जवळच्या एका लहान कोठारांत ठेवावयाची. या कोठारास कॅश म्हणतात, आणि त्याच्या सर्वांत जवळच्या कप्प्यांतील वस्तु चारपांच ठोक्यांतच हातीं येते. दुसरी युक्ति अनुमानाची. पुढें कोणती आज्ञा येईल याचा निर्णय होण्यापूर्वींच प्रोसेसर तर्क बांधतो आणि त्या तर्कानुसार पुढचें काम करूं लागतो. घरगुती यंत्रांच्या वर्गांत ही पद्धति १९९५ सालच्या पेंटियम प्रो या प्रोसेसरपासून रूढ झाली.

लग्नघरांतील आचारी डोळ्यांपुढें आणावा. पंगत काय मागते हें कळेपर्यंत तो हात जोडून बसत नाहीं. मागच्या पंगतींचा त्यास अनुभव असतो. तो अंदाजानें एखादें पातेलें आधींच चुलीवर चढवितो. अंदाज खरा ठरला तर वेळ वांचतो. खोटा ठरला तर पातेलें उतरवून फळीवर ठेवितो, आणि जणूं कांहीं घडलेंच नाहीं. यजमानांच्या वहींत त्याची नोंदही होत नाहीं. परंतु एक खूण मागें राहते: तें पातेलें ऊन असतें.

आतां समजा, एखादा लबाड मनुष्य स्वयंपाकघरांत शिरून आचाऱ्यास म्हणाला, ‘यजमानांच्या कुलुपबंद कपाटांतील चिठ्ठी वाच, आणि तींत जो आंकडा असेल त्या क्रमांकाचें पातेलें चुलीवर चढव.’ आचारी परवानगी येण्यापूर्वींच कामास लागतो. मागाहून यजमान परवानगी नाकारितात. काम रद्द होतें, चिठ्ठींतील आंकडा कोणासही सांगितला जात नाहीं. पण लबाड मनुष्य फळीवरील पातेल्यांस एकेक हात लावून पाहतो, तों सातवें पातेलें ऊन! म्हणजे चिठ्ठींत सात होता. प्रोसेसरचें ऊन पातेलें म्हणजे कॅश. कोणती वस्तु लवकर मिळते आणि कोणती उशिरां, हें घड्याळानें मोजलें कीं, रद्द झालेल्या कामाचेंही रहस्य फुटतें. या दोषास मेल्टडाउन असें नांव आहे. त्याचें भावंड स्पेक्टर, म्हणजे पिशाच. त्यांत आचाऱ्यास मुद्दाम खोटी संवय लावितात. दहा वेळां एकच मागणी करून अकराव्या वेळीं त्याच्या संवयीचा दुरुपयोग करितात.

हे दोन्ही दोष ३ जानेवारी २०१८ रोजीं जगापुढें आले. गूगल कंपनीच्या प्रोजेक्ट झीरो या पथकांतील यान हॉर्न, स्वतंत्र संशोधक पॉल कोचर आणि त्यांचे सहकारी, तसेंच ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील तंत्रविद्यापीठाचे संशोधक, यांनीं ते निरनिराळ्या वाटांनीं शोधून काढले होते. कंपन्यांस वर्दी २०१७ च्या मध्यासच देण्यांत आली होती. उपाय तयार व्हावे म्हणून सहा महिने मौन पाळण्यांत आलें. मेल्टडाउनवर लिनक्सनें जो उपाय योजिला, त्याचें मूळही ग्राट्सच्या विद्वानांच्याच एका आधीच्या कल्पनेंत आहे. यजमानांचें कपाट स्वयंपाकघरांतून दिसेल असें ठेवूंच नये, दोहोंमध्यें भिंत घालावी, असा त्याचा भावार्थ. जानेवारी २०१८ च्या अखेरीस निघालेल्या लिनक्सच्या ४.१५ या आवृत्तींत ही भिंत आली.

येथवर कळलें, तरी आमच्या भगिनीच्या ओळींतील ‘एमडीएस’ या अक्षरांचा उलगडा झाला नव्हता. हा दोष निराळा. तो १४ मे २०१९ रोजीं प्रसिद्ध झाला. प्रोसेसरच्या पोटांत कॅशहूनही लहान अशीं कांहीं तात्पुरतीं पात्रें असतात. माहिती इकडून तिकडे नेतांना ती क्षणभर त्यांत थांबते. स्वयंपाकघराच्या भाषेंत हीं ओगराळीं होत. एका आचाऱ्यानें आमटी वाढून ओगराळें न धुतां ठेविलें, तर दुसऱ्यास त्याच्या तळाशीं राहिलेल्या थेंबावरून आमटीची चव कळते. एमडीएस म्हणजे न धुतलेल्या ओगराळ्याचा दोष. इंटेल कंपनीच्या अनेक वर्षांच्या प्रोसेसरांत तो आहे. त्यावरील उपाय सोपा: एकाचें काम संपवून दुसऱ्याचें आरंभितांना ओगराळें धुवून ठेवावें. लिनक्स तसें करितें. परंतु धुण्याची आज्ञा प्रोसेसरास मुळांत ठाऊक नव्हती. ती त्यास मागाहून शिकवावी लागते. त्या शिकवणीच्या टिपणास मायक्रोकोड म्हणतात. कंपनी तें तयार करिते, आणि लिनक्सचा गाभा तें दर वेळीं आरंभींच प्रोसेसरच्या कानांत सांगतो. या गाभ्यास कर्नल असें नांव आहे. पलटणींतील कर्नलाचा येथें कांहीं संबंध नाहीं. यंत्र बंद केलें कीं प्रोसेसर तें टिपण विसरतो. म्हणून दुसरे दिवशीं पुन्हां पाठ द्यावा लागतो.

आतां त्या ओळीचा पदच्छेद करूं. ‘एमडीएस सीपीयू बग प्रेझेंट’ म्हणजे, या प्रोसेसरच्या जातींत न धुतलेल्या ओगराळ्याचा दोष आहे. हें जातीचें लक्षण झालें. यंत्रावर कोणी घाला घातल्याची बातमी नव्हे. ‘एसएमटी ऑन’ म्हणजे, एकाच चुलीवर एकाच वेळीं दोन आचारी काम करीत आहेत. प्रोसेसरच्या एका गाभ्याकडून दोन कामें जोडीनें करून घेण्याची ही युक्ति. इंटेल कंपनी तिला हायपरथ्रेडिंग म्हणते. ‘डेटा लीक पॉसिबल’ म्हणजे, गळती संभवते. संभवते, होत आहे असें नव्हे. आतां अन्वय लावावा. काम बदलतांना आपण ओगराळें धुतों हें खरें. पण दोन आचारी एकाच वेळीं तेंच ओगराळें वापरीत असतील, तर मधल्यामध्यें धुणार कोण? एवढीच फट राहिली आहे, आणि ती प्रामाणिकपणें सांगण्याकरितां ही ओळ आहे.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. ही ओळ उपाय चालू असलेल्या यंत्रावरच उमटते. ज्यानें सगळे उपाय बंद केले, त्याचें यंत्र याविषयीं मुकें राहतें. शेजारच्या हुशार गृहस्थांचा शब्द तो हाच. ‘मिटिगेशन्स’ या पदापुढें ‘ऑफ’ लिहिलें कीं इशारा नाहींसा होतो आणि यंत्र थोडें जलदही चालतें. कारण तेव्हां ओगराळें धुण्याचें काम कोणी करीतच नाहीं, आणि भिंतही पाडलेली असते. ताप मोजणारी नळी फोडल्यानें ताप उतरत नाहीं, हें सांगावयास वैद्य नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि येथेंच माझी चूक उघडी पडली. प्रोसेसरास मायक्रोकोडचें टिपण मिळालें असो वा नसो, ही ओळ दोन्ही प्रसंगीं अक्षरशः एकच येते. टिपण नसेल तर लिनक्स धुण्याची आज्ञा देतें खरें, पण प्रोसेसरास ती कळत नाहीं. ओगराळें धुतल्याचा आविर्भाव होतो, पाणी लागत नाहीं. तेव्हां आरंभींच्या ओळीवरून ‘चिंता नसावी’ असें सांगणें म्हणजे रोग्याची नाडी न पाहतां त्यास धीर देणें होय. नाडी पाहण्याची जागा निराळी आहे. लिनक्सच्या आज्ञा लिहिण्याच्या खिडकींत ‘एलएससीपीयू’ हीं पांच इंग्रजी अक्षरें लहान लिपींत लिहिलीं कीं, प्रोसेसरची सारी कुंडली पडद्यावर येते, आणि शेवटीं दोषांची यादी असते. दोषापुढें बहुधा तीनपैकीं एक शेरा आढळतो. ‘नॉट अफेक्टेड’ म्हणजे या जातीला दोष लागू नाहीं. ‘मिटिगेशन’ म्हणजे दोष आहे, पण उपाय चालू आहे. पुढें उपायाचें नांव असतें. ‘व्हल्नरेबल’ म्हणजे दोष आहे आणि बचाव नाहीं, किंवा अपुरा आहे. हा शेरा दिसला तर मात्र आळस करूं नये.

मीं भगिनीस ही यादी उतरवून पाठविण्यास सांगितलें. उत्तर आलें तें वाचून मला माझ्या पहिल्या पत्राची लाज वाटली. एमडीएसपुढें लिहिलें होतें: ‘व्हल्नरेबल, क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड.’ अर्थात् धुण्याचा प्रयत्न केला, पण टिपण नाहीं. कारण शोधतां उलगडा असा झाला. भाच्यानें डेबियन नांवाचें लिनक्स घातलें होतें. त्याचे चालक सर्वांस मुक्त असलेलें लेखन आणि कंपन्यांचें बंदिस्त लेखन यांत काटेकोर भेद करितात. मायक्रोकोड दुसऱ्या प्रकारचें, म्हणून पूर्वींच्या अधिकृत मांडणींत तें आपोआप येत नसे; जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून असल्या वस्तूंसाठीं निराळा विभाग करून मांडणीच्या वेळींच त्या घेण्याची सोय झाली. भाच्याची मांडणी त्या आधीची, आणि त्यानें तें टिपण मागाहून घातलें नव्हतें. तीनचार वर्षें तें यंत्र उघड्या दारानें चाललें होतें, आणि मीं ‘काम चालू करा’ असें लिहून मोकळा झालों होतों!

उपाय मात्र अर्ध्या तासाचा निघाला. डेबियनच्या भांडारांतून ‘इंटेल-मायक्रोकोड’ ही पुडी घ्यावयाची आणि यंत्र एकदां पुन्हां सुरू करावयाचें. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांसाठीं निराळी पुडी असते. बाईंचा प्रोसेसर २०१३ च्या सुमाराचा असल्यामुळें त्याचें टिपण कंपनीनें दिलेलें होतें. त्याहून बऱ्याच जुन्या कांहीं जातींचीं स्पेक्टरवरील टिपणें करण्याचें काम कंपनीनें २०१८ च्या एप्रिलांतच थांबविलें. पुडी घातल्यावर शेरा पालटला: ‘मिटिगेशन, क्लिअर सीपीयू बफर्स, एसएमटी व्हल्नरेबल.’ आरंभींची ओळ मात्र तशीच राहिली, कारण दोन आचारी अद्याप एका चुलीवर होते. येथें निवड यजमानाची. कर्नलाच्या आरंभाच्या आज्ञेंत ‘नोएसएमटी’ हा शब्द घातला तर दुसरा आचारी रजेवर जातो. यंत्राची गति थोडी घटते, पण ती फट बुजते आणि ओळही नाहींशी होते. ही ओळ जाणें आणि ‘ऑफ’ लिहून ओळ घालविणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. हिशेब आणि पत्रव्यवहार यांस गतीची मोठीशी आवश्यकता नसते. बाईंनीं दुसऱ्या आचाऱ्यास रजा दिली. ओपनबीएसडी या दुसऱ्या एका प्रणालीच्या चालकांनीं तर जून २०१८ मध्येंच हायपरथ्रेडिंग आपल्याकडे मुळांतच बंद ठेवण्याचा निर्णय केला होता.

मग घरगुती मनुष्यानें किती भ्यावें? या दोषांचा लाभ घेण्यास बहुधा लबाडाचा प्रोग्रॅम आपल्याच यंत्रावर चालावा लागतो. दूर बसून नुसत्या तारेंतून पातेल्यास हात लावणें फार कठिण. सर्वांत अधिक काळजी असते ती अनेक भाडेकरूंस एकच यंत्र वांटून देणाऱ्या मोठ्या संगणक-वाड्यांना. कारण तेथें परक्यांचें स्वयंपाकघर एकच असतें. आपल्या घरीं परका प्रोग्रॅम येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक, कोणाच्या सांगण्यावरून आपण स्वतः घातलेला. दुसरी, ब्राउझर, कारण प्रत्येक पृष्ठाबरोबर लहानलहान प्रोग्रॅम येतच असतात. म्हणूनच २०१८ च्या जानेवारींत ब्राउझर करणाऱ्यांनीं पृष्ठांस मिळणारें घड्याळ मुद्दाम भोंगळ केलें, म्हणजे पातेल्याची ऊब मोजणें कठिण व्हावें. तेव्हां लिनक्सचीं सुधारणापत्रें वेळच्या वेळीं घेणें, ब्राउझर ताजा ठेवणें, मायक्रोकोडची पुडी आहे कीं नाहीं हें पाहणें, आणि अनोळखी प्रोग्रॅम न घालणें, एवढें पथ्य घरापुरतें पुष्कळ झालें.

दुसऱ्याही ओळी वाचकांस दिसतील. उदाहरणार्थ ‘रेटब्लीड’. झूरिक येथील ईटीएच या संस्थेंतील योहानेस विकनर आणि कावे राझवी यांनीं जुलै २०२२ मध्यें हा दोष दाखविला. स्पेक्टरवर योजिलेला एक उपायच कांहीं प्रोसेसरांत अपुरा पडतो, असें त्या ओळींत म्हटलेलें असतें. असली ओळ दिसली तरी रीति हीच: प्रथम ती पुरती उतरवून घ्यावी, मग यादींतील शेरा पाहावा, आणि त्यानंतरच भ्यावें किंवा निर्धास्त व्हावें. दोरीला साप समजून पळणारा फसतो, आणि सापाला दोरी समजून हातीं धरणाराही फसतो. मोडींत घाला म्हणणारा दुकानदार पहिल्या जातीचा; दुसऱ्या जातींत शेजारचे गृहस्थ आहेत, आणि पहिल्या पत्रापुरता मीही होतों. दिवा आणून पाहण्याचें कष्ट आम्हां तिघांपैकीं कोणीं घेतले नव्हते. ते त्या भगिनीच्या प्रश्नामुळें घ्यावे लागले.

यंत्र नीट झाल्यावर, जपणूक म्हणून, बाईंनीं बँकेचा गुप्तशब्द बदलला आणि मागील वर्षाचें खातें ओळ न् ओळ ताडून पाहिलें. एका पैचाही फरक निघाला नाहीं. मुलीची फी मुदतीच्या चार दिवस आधीं भरली गेली. भाच्यासही त्यांनीं एक पत्र लिहिलें आहे. त्यांतील मजकूर मला ठाऊक नाहीं, पण पत्र दोन पानांचें आहे असें कळतें.